फ्यूज तारेसाठी असतो

आयटीआयच्या प्रमाणपत्रावर माझं नाव आहे, वडिलांचं नाव आहे, ट्रेडचं नाव आहे: तारतंत्री, म्हणजे वायरमन. खाली सही आणि शिक्का. शिकवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. सरकारी कागद असाच असतो, त्याची तक्रार नाही. पण आता माझ्याकडे सोलरच्या कामावर येणारी पोरंपोरी विचारतात, 'सर, तुम्ही कुठे शिकले?' तेव्हा 'धुळ्याला' हे उत्तर खरं असूनही अर्धंच राहतं. मी शिकलो धुळ्याच्या वर्गात, जळगावच्या नेरी नाक्याकडच्या एका रिवायंडिंगच्या दुकानात, दीपनगरच्या वीज केंद्रात आणि पस्तिशीच्या आसपास साक्री तालुक्यातल्या माळरानावर. शिकवणाऱ्यांपैकी काहींकडे कागद होते, काहींकडे नव्हते. मला दोन्हीकडून मिळालं, आणि दोन्हीकडची बाकी अजून माझ्या नावावर आहे.

गाव पारोळा तालुक्यातलं, बोरी नदीच्या काठचं. कापूस, ज्वारी, थोडा भुईमूग. विहिरीवर पाच एचपीची मोटार. शेतीची लाइट पाळीने यायची, कधी दिवसा तर कधी रात्री. ऐन झोपेत गल्लीत कुणीतरी ओरडायचं, 'लाइट उनी रे!' की अण्णा, माझे वडील, बॅटरी घेऊन मळ्यात. पुढे लोकांनी स्टार्टरला ऑटो स्विच बसवले. लाइट आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम चालू. उठताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. पंचवीस-तीस मोटारी एका क्षणी उठल्या की डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बसणारच. मग वर्गणी काढायची, ट्रॅक्टर लावायचा आणि डीपी बदलून येईपर्यंत पिकाकडे बघत बसायचं. त्या दिवसांत गावात वायरमनला जो मान होता तो सरपंचालाही नव्हता. मी १९९४ ला दहावी झालो, इंग्रजीत काठावर. अण्णा म्हणाले, 'बारावी करून काय करशील? वायरमन हो.' हल्ली ज्याला करिअर मार्गदर्शन म्हणतात ते माझ्या वाट्याला एवढंच आलं.

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजं असतात, घराजवळ राहून दोन वर्षांत हाताला काम देणारी. आपल्याकडे त्याच नावाची योजना विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ च्या सुमारास आणली. पण खानदेशातल्या शेतकऱ्याच्या पोराला ते काम आयटीआयने कधीचंच करून दिलेलं आहे. देशात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० सालची. फी नावाला, वर्ग मराठीत, आणि 'तू हुशार आहेस का' हा प्रश्न कोणी विचारत नाही.

धुळ्याला देवपुरात आत्या राहायची. मामा गिरणीत होते, दोन खोल्या, चार माणसं, त्यात मी पाचवा. दोन वर्षांत आत्याने एकदाही पैशाचा विषय काढला नाही. अण्णा दर दोन-तीन महिन्यांनी एसटीच्या टपावर दादर ज्वारीचं पोतं टाकून पाठवायचे. पोतं रिकामं झालं की परत पाठवायचं, पण आत्या ते रिकामं जाऊ द्यायची नाही. कधी बिबड्या, कधी उडदाचे पापड, कधी मामांच्या गिरणीतलं कापड. पोतं रिकामं परत गेलं तर माहेरची बरकत जाते म्हणे. त्यामुळे झालं असं की आम्ही पाठवलेल्याची परतफेड ती करत राहिली आणि तिच्या घरात मी खाल्लेलं कोणाच्या हिशोबातच आलं नाही. थंडीत ती काडक्यांवर वांगी भाजून भरीत करायची. कळण्याच्या भाकरीबरोबर ते किती जायचं हे मामाच जाणोत. ते जेवताना माझ्या ताटाकडे बघायचे नाहीत, एवढं मात्र मला तेव्हाही कळायचं.

आता सरांकडे येतो. आयटीआयमध्ये शिकवणाऱ्याच्या पदाचं नाव शिल्प निदेशक. आम्हाला हसू यायचं, इथे कुठलं शिल्प! पण सरांना हातकाम बघायला आवडायचं. पहिले काही महिने आम्हाला करंट दिसलाच नाही. कानस मारणं, तार सोलणं आणि जोड. मॅरीड जॉइंट, टी जॉइंट, ब्रिटानिया जॉइंट. जोड झाला की सर दोन्ही टोकं धरून ओढायचे. सुटला तर काही न बोलता शेजारच्या डब्यात टाकायचे. तो डबा भरला की भंगारात. आम्ही कुरकुरायचो, की बाहेर पोरं बोर्ड भरून पैसे कमावतायत आणि आम्ही तारा पिळतोय. सर म्हणायचे, 'जगात जेवढ्या आगी वायरिंगने लागतात, त्यातल्या बऱ्याच सैल जोडाने लागतात. बोर्ड दोन दिवसांत शिकशील.'

एक दिवस त्यांनी वर्गाला विचारलं, 'लाइनला पाच ॲम्पिअरचा फ्यूज आहे. माणसाचा हात फेजला लागला. फ्यूज उडेल का?' सगळे म्हणाले, उडेल. सरांनी फळ्यावर लिहिलं: २३० व्होल्ट. घामाच्या अंगाचा रोध धरा हजार ओहम. भागाकार करा. उत्तर आलं ०.२३ ॲम्पिअर. 'पाचवर उडणाऱ्या फ्यूजला पाव ॲम्पिअरचा पत्ता तरी लागेल का?' कोणी बोललं नाही. 'आणि माणसाला मरायला याच्या निम्मंही लागत नाही. फ्यूज तारेसाठी असतो, माणसासाठी नाही.' मग त्यांनी ईएलसीबीचं खोकं टेबलावर ठेवलं, तीस मिलिॲम्पिअर गळतीला लाइन तोडणारं. तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच गावात ते कोणी बसवलेलं नव्हतं. आज प्रत्येक घराचं काम घेताना मी ते लावायला लावतो, आणि गिऱ्हाईक 'हजार-दोन हजार उगाच' म्हणायला लागलं की मला तो फळा दिसतो. भागाकार करूनच दाखवतो. एवढा भागाकार कोणालाही येतो.

दुसरी सवय टेस्ट लॅम्पची. लाइन बंद आहे का बघायची तर लॅम्प आधी चालू बोर्डाला लावायचा, पेटतो ना बघायचं. मग बंद लाइनला. मग परत चालू बोर्डाला. पहिल्या आणि दुसऱ्या तपासणीच्या मध्ये बल्बच गेला असला तर? ही तिसरी तपासणी आमच्यातल्या कोणालाही पटायची नाही. सर मागे उभे राहून फक्त 'तिसरी' म्हणायचे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी जळगावला गेलो ते पैशासाठी. मोटार बांधणारा एक कारागीर अण्णांच्या ओळखीचा होता. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. रावेर, यावल, चोपडा हा केळीचा पट्टा. केळीला उन्हाळाभर पाणी तोडून चालत नाही. मे महिन्यात बागेचं पाणी चार-सहा दिवस तुटलं की घड निसवतानाच बसतो आणि वर्षाचं गणित गेलं. त्यामुळे मे महिन्यात जळगावच्या रिवायंडिंगवाल्याच्या दारात रात्री अकरालाही ट्रॅक्टर उभा असायचा. जळालेली मोटार, सोबत जागरणाने डोळे तारवटलेला शेतकरी, आणि 'चाचा, सकाळपर्यंत द्या' ही विनवणी.

काम असं असतं. मोटार उघडायची, जळकं वार्निश खरवडायचं, कॉइल छिन्नीने कापून बाहेर काढायची. पण कापण्याआधी मोजायचं. किती खाचा, एका कॉइलचे किती वेढे, तार कोणत्या गेजची, एका खाचेतून निघालेली कॉइल कितव्या खाचेत बसली आहे. हे एकदा विस्कटलं की मोटार मुकी होते. मग लाकडी फर्म्यावर नवी कॉइल गुंडाळायची, खाचेत कागद घालायचा, तार बसवायची, वरून बांबूची पट्टी ठोकायची, सुतळीने बांधायचं, वार्निश पाजायचं. जळगावच्या मे महिन्यात ते वाळवायला भट्टी लागत नाही. पाण्यात बुडणाऱ्या मोटारीचं तंत्र निराळं, तिला प्लास्टिकच्या आवरणाची तार. चाचा वेढे मोजताना कोणाशी बोलत नसत. मोजून झालं की म्हणत, 'गिनती चुकली तं मोटार बोंबलेल भो, आन् मोटारच्या आधी शेतकरी बोंबलेल.'

त्यांच्याकडे एक लांब लाल चोपडी होती. कोणत्या कंपनीची, किती एचपीची, कुठल्या सालची मोटार, आणि पुढे खाचा, वेढे, गेज, तांब्याचं वजन. मजकूर उर्दूत, आकडे इंग्रजी. रिवायंडिंगच्या धंद्यात ही चोपडी म्हणजे दुकानाची खरी पुंजी. शेजारचा दुकानदार ती पाहायला मिळावी म्हणून वर्षानुवर्षं चहा पाजत होता. दुसऱ्या वर्षीच्या सुट्टीत चाचांनी ती माझ्यापुढे टाकली. पानं सुटायला आली होती. म्हणाले, 'तुझं अक्षर बरं हाये. उतरव मराठीत. मी वाचून सांगतो.' दुपारच्या उन्हात शटर अर्धं ओढून आम्ही बसायचो. ते वाचायचे, मी लिहायचो. पहिलं पान झाल्यावर त्यांनी कार्बनचा कागद आणून दिला. मी विचारलं, दुसरी प्रत कोणाला? 'एक दुकानची, एक तुझी.' एवढंच. मी तेव्हा त्यांच्याकडचा सुट्टीतला हेल्पर होतो, उद्या समोरच्या गल्लीत दुकान टाकू शकलो असतो. हे त्यांना सुचलं नसेल असं मला वाटत नाही.

चाचा काही संत नव्हते. खेड्यात थ्री फेज लाइट नसली की शेतकरी दोन फेजवर मोटार चालवायला कंडेन्सर लावायचे. त्याने मोटार फिरते खरी, पण एका बाजूने तापत जाते आणि महिना-दोन महिन्यांत जळते. वर सिंगल फेजच्या लाइनवर सगळ्या गावाचा भार. सरांना या प्रकाराचा भयंकर राग. चाचा मात्र कंडेन्सर जोडून द्यायचे. मी एकदा सरांचं म्हणणं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, 'तुझे सर बराबर हायेत. पण त्यांच्या घरी केळी नाही ना लावलेली.' थोडं थांबून हसले, 'आन् जळाली तं येणार कुठं? आपल्याकडेच.' आज विचाराल तर मी सरांच्या बाजूने आहे. पण सरांची बाजू बरोबर ठरायला शेतकऱ्याला दिवसा पुरेशी थ्री फेज लाइट मिळावी लागते, आणि ती मिळत नव्हती हेही तितकंच खरं.

दोघांची गाठ एकदाच पडली. सरांच्या अमळनेरकडच्या भावाची मोटार जळून दुकानात आली आणि तिच्यासोबत सर. मला बघून चकित झाले. स्टुलावर बसून त्यांनी चाचांचे हात बघितले. मग छत्तीस खाचा आणि चार पोलचं काहीतरी विचारलं. चाचांना ती भाषा येत नव्हती. त्यांनी मोटारीच्या पोटात बोट फिरवून दाखवलं, की इथून निघाली, इथे गेली, उलटी फिरली, पुढची सुरू. सरांनी खिशातून कागद काढून त्याची आकृती काढली आणि चाचांपुढे धरली. चाचांनी ती उलटी-सुलटी करून पाहिली आणि म्हणाले, 'हां, हेच. पण एक तार तुम्ही चुकीच्या बाजूला दाखवली.' सरांनी बघितलं. खोडलं. दुरुस्त केलं. त्यानंतर दोघं अर्थिंगवरून भांडले, पण चहा पिऊन भांडले.

आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारीला दीपनगरला गेलो, भुसावळच्या औष्णिक केंद्रात. १९६१ च्या कायद्याने मिळणारं विद्यावेतन हातात घेतलं ती माझी पहिली कमाई. हतनूर धरणाचं पाणी, वाघिणींतून उतरणारा कोळसा, आणि मिनिटाला तीन हजार फेरे फिरणारं २१० मेगावॉटचं यंत्र. तिथल्या एका जुन्या ऑपरेटरने मला नियंत्रण कक्षात फ्रीक्वेन्सीचा काटा दाखवला. पन्नासवर पाहिजे, तो एकोणपन्नासच्या आसपास लटकत होता. म्हणाले, 'हा खाली ओढतोय ना, त्यात तुझ्या वडिलांची पाच एचपी आहे.' त्या दिवसापर्यंत विहीर आणि वीज केंद्र एकाच यंत्राची दोन टोकं आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या केंद्रात शिकण्यासारखं पुष्कळ होतं, माझ्या लक्षात राहिला तो काटा.

कायमची नोकरी मिळाली नाही. चाचांच्या दुकानाला धरून मी वायरिंग आणि पंपांची कामं घेऊ लागलो, परवाना काढला. चाचांकडे कागद नसल्याने सरकारी काम त्यांना मिळत नसे, सही माझी लागायची. त्यांची पोरं काम करायची आणि टेस्ट रिपोर्टवर माझं नाव जायचं. लोक मला 'साहेब' म्हणायला लागले आणि चाचांना चाचाच. मला हे खटकायचं, त्यांना नाही. किंवा त्यांनी तसं दाखवलं नाही.

२००५ च्या जूनमध्ये वीज मंडळाच्या तीन कंपन्या झाल्या आणि त्याच सुमारास भारनियमनाने कळस गाठला. खेड्यात दिवसाचे बारा-बारा तास लाइट नाही. ज्याला परवडेल त्याने जनरेटर आणला, आणि पुष्कळांनी तो चेंजओव्हर स्विच न लावता सरळ मेनला जोडला. आमच्या भागात एक लाइनमन असाच गेला. सबस्टेशनहून लाइन बंद केलेली होती, परमिट घेतलेलं होतं, सगळं रीतसर. पण कोणाच्या तरी घरचा जनरेटर सुरू झाला आणि करंट उलटा जाऊन डीपीतून वर चढला. घरातले २३० व्होल्ट उलट्या बाजूने ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरले की वर हजारोंत निघतात. दोन्ही बाजूंनी लाइनला साखळी टाकून अर्थ केलं असतं तर वाचला असता. त्या दिवशी सरांची 'तिसरी' मला निराळी ऐकू आली.

ही गोष्ट मी रूफटॉपच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. कारण तक्रार ठरलेली असते: 'तीन किलोवॉटचं सोलर बसवलं, सरकारचं अठ्ठ्याहत्तर हजार अनुदान घेतलं, आणि कंपनीची लाइट गेली की आमचं सोलरही बंद! वर एवढं ऊन असून!' ते बंद व्हावं असंच केलेलं आहे. ग्रिड गेली की इन्व्हर्टर दोन सेकंदांच्या आत स्वतःला तोडून घेतो, कारण त्या क्षणी खांबावर कोणाचा तरी मुलगा चढलेला असू शकतो. जळगावातल्या एका वकीलसाहेबांना हे पटवायला मला त्यांचा चहा थंड होईपर्यंत बोलावं लागलं.

सोलरकडे मला आणलं ते आयटीआयच्या बाकावरच्या मित्राने. तो पिंपळनेरच्या पश्चिमेकडच्या डोंगरातला आदिवासी पोरगा. वर्गात आम्ही त्याच्या बोलण्याची टिंगल करायचो, आणि जोड ओढण्याच्या परीक्षेत त्याचा एकही जोड सुटायचा नाही. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा तो देखभालीच्या कामाला लागला. त्याने मला एकदा टॉवरमध्ये चढवलं. सत्तर-पंच्याहत्तर मीटरची आतली शिडी, कंबरेला पट्टा. अर्ध्यात माझे पाय थरथरायला लागले तर खालून म्हणाला, 'भिऊ नको रे भो, मी शे ना खाले.' वर पोचल्यावर गिअरबॉक्स दाखवला. पातं मिनिटाला वीसेक फेरे घेतं, गिअरबॉक्स त्याचे हजाराच्या वर करून जनरेटरला देतो. दुपारी डबा खाताना त्याने जूनपासूनच्या वाऱ्याचं गणित समजावलं. पावसाळ्यात सूर्य झाकला की घाटाच्या खिंडीतून वारा येतो. एक झोपला की दुसरा उठतो. हे मी नंतर पुष्कळ अहवालांत वाचलं, पण आधी ऐकलं ते त्याच्या तोंडून.

त्याच्याच निरोपावरून मी २०१२ मध्ये शिवाजीनगरला गेलो. तिथे साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहत होता, २०१३ मध्ये तो चालू झाला. माझ्या ठेकेदाराकडे एक मुलगी इंजिनिअर होती, तेवीस-चोवीस वर्षांची, पदविका झालेली. मी अठरा वर्षं एसीवर काम केलेला माणूस आणि ती मला डीसी शिकवत होती. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझायला जागा मिळते. डीसीची ठिणगी एकदा धरली की सोडत नाही. चालू भारावर कनेक्टर ओढला तर हातात ज्योत. मी सवयीने स्विच पाडून पॅनेलच्या तारेला हात घालायला निघालो, तशी ती म्हणाली, 'काका, स्विच इकडचा बंद झाला. सूर्याला स्विच नाही.' दिवस असेपर्यंत पॅनेल जिवंतच. वीस पॅनेल एका माळेत जोडले की सात-आठशे व्होल्ट. मग तिने क्लॅम्प मीटर डीसीवर कसा लावायचा, शून्य कसा करायचा हे दाखवलं. दाखवताना एकदाही 'एवढंही माहीत नाही का' असा चेहरा केला नाही. वयाने लहान माणसाकडून शिकताना आपल्याला तेवढीच भीती असते.

मे महिन्यात तिने आणखी एक गोष्ट दाखवली. आम्हा खानदेशी माणसांना उन्हाचा मोठा अभिमान, पंचेचाळीस डिग्री म्हणजे सोलरचं सोनं असं वाटायचं. तिने फेब्रुवारीचे आणि मेचे आकडे शेजारी ठेवले. दुपारी बाराचं उत्पादन मेमध्ये कमी. पॅनेलची क्षमता पंचवीस डिग्रीला मोजलेली असते. वर एकेक डिग्री चढली की साधारण ०.४ टक्के घटतात. मेमध्ये पॅनेल पासष्टला जातं, म्हणजे सोळा टक्के तिथेच गेले. पॅनेलला उजेड पाहिजे, उष्णता नको. आज पंप बसवायला गेलो की शेतकरी पॅनेल पत्र्याला चिकटवून लावायला सांगतो, आणि मी खालून वारा जायला जागा सोडतो.

त्या माळरानावरच्या दिवसांबद्दल मी आनंदाने लिहितोय, पण याच जिल्ह्यात विजेसाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यावरून विखरणचे एक वृद्ध शेतकरी मंत्रालयात विष पिऊन २०१८ मध्ये मरण पावले, हे विसरून लिहिता येणार नाही. विजेचीही देणी असतात आणि ती नेहमी वीज वापरणाराच देतो असं नाही.

चाचा २०१९ ला गेले. मुलाने दुकान चालू ठेवलंय, आता जास्त काम पाणबुडी मोटारींचं. कार्बनची प्रत माझ्याकडे आहे. अक्षरं निळी पडून पसरली आहेत. मध्यंतरी एका अवघड जुन्या मोटारीचे वेढे त्याला सापडत नव्हते, त्याची मूळ वही वाळवीने खाल्लेली. फोन आला. मी पान काढून आकडे वाचले आणि त्याने लिहून घेतले. तेव्हा तो म्हणाला, 'भाई, तुमचं कमिशन?' मी चाचांचीच शिवी त्याला दिली. दोघं हसलो.

आता माझ्याकडे येणाऱ्यांत मुली वाढल्यात. आयटीआयमध्ये सोलर टेक्निशियनचा एक वर्षाचा ट्रेड आहे. २०१५ पासूनचा सूर्यमित्रचा तीन महिन्यांचा, सहाशे तासांचा कोर्स केलेलेही येतात. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आल्यापासून शेतकऱ्याने दहा टक्के भरले की पंप मिळतो आणि बसवायला हात कमी पडतात. कोर्स चांगले आहेत, पण घाईचे. पोरांना इन्व्हर्टरची सेटिंग मोबाइलवर येते आणि तारेचा जोड ओढला की सुटतो. मी डबा ठेवलाय. रावेरकडची एक मुलगी पहिल्या आठवड्यात रडली, दुसऱ्या आठवड्यात तिने मलाच विचारलं, 'सर, टेस्टर चालू बोर्डाला परत लावायचा राहिला ना?' मी तिला काही बोललो नाही. लावला.

सर निवृत्त होऊन मुलाकडे नाशिकला असतात. ऑगस्टमध्ये जळगावातल्या एका शाळेच्या छतावरचं काम झालं, तेव्हा हौसेने त्यांना फोन केला. किती किलोवॉट, कोणतं इन्व्हर्टर, काही विचारलं नाही.

'अर्थिंग किती आली?'

'दोन पॉइंट आठ ओहम.'

'कधी मोजली?'

'परवा.'

'म्हणजे भर पावसात. काळी माती, आतपर्यंत ओल. आत्ता कोणाचीही चांगलीच येईल. मेमध्ये जमिनीला भेगा पडल्यावर मोज आणि मग फोन कर.'

मेमध्ये साडेपाच आली. शेजारी दुसरा खड्डा घेऊन दोन्ही जोडले, तेव्हा तीनवर उतरली. फोन केला, तर सरांचा पुढचा प्रश्न तयार होता: दोन खड्ड्यांत अंतर किती ठेवलंस?